प्लास्टर गरम होईपर्यंत

दातांच्या लॅबमध्ये रोज सकाळी सव्वानऊच्या सुमाराला बारा मिनिटं अशी येतात की कुणालाच काही करता येत नाही. आदल्या दिवशी दवाखान्यांतून आलेले जबड्यांचे ठसे काका धुऊन पुसून घेतात, त्यांत प्लास्टर ओततात आणि लांब टेबलावर ओळीने मांडतात. ते घट्ट होईपर्यंत टेबल हलता कामा नये. हललं की साच्यात बुडबुडे धरतात, आणि बुडबुड्यांच्या साच्यावर बनवलेला दात ज्याच्या तोंडात जातो तो माणूस डॉक्टरकडे जाऊन बोंब ठोकतो. म्हणून घासायची मशिनं बंद, हातोडी बंद, भट्टीचं दारसुद्धा उघडायचं नाही. चार माणसं हाताची घडी घालून प्लास्टरकडे बघत बसतात.

पण बघून बघून प्लास्टरकडे माणूस किती बघणार? कधीतरी मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मालकीणबाईंनी, सहज विचारलं होतं, "सध्या काय खेळताय रे?" तेव्हापासून तो रिवाजच पडला. कोण कुठला गेम खेळतंय, कुठे पोचलंय, कुठे अडकलंय हे त्या बारा मिनिटांत एकेकाने सांगायचं. नियम तीनच. खरं सांगायचं. उत्तर नेटवर शोधायचं नाही. "दुसऱ्याच्या दातांनी चावायचं नाही," असं काका म्हणत, आणि हे ते हातात कवळी धरून म्हणतात याचं त्यांना काही वाटत नसे. आणि तिसरा नियम, जो 'काही नाही' म्हणेल त्याने बेसिनखालची गाळाची बादली उपसायची.

पटाशी गेले तीन आठवडे रोज बादली उपसत होती.

पटाशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लॅबमध्ये प्रत्येकाला दातावरून नाव होतं. काका सगळ्यात जुने आणि सगळ्यात उशिरा हसणारे, म्हणून अक्कलदाढ. चाळिशीच्या अलीकडचा, जिभेने टोकदार असा कारागीर तो सुळा. आणि ती पटाशी, कारण समोरचे दात तिच्यासारखे कुणी करत नसे. खिडकीपाशी, दिवसभर सारखा उजेड येणारं टेबल तिचं होतं. तिथे बसून ती पोर्सिलेनचे थर चढवायची, रंगाच्या पट्टीशी ताडून बघायची, आणि शेजारच्या खऱ्या दाताला आपला नवा भाऊ कोण ते कळू नये असा दात भट्टीतून काढायची.

मग बाळंतपण आलं. सात महिने ती घरी होती. परत आली तेव्हा खिडकीच्या टेबलावर सुळ्याचे ब्रश मांडलेले होते आणि तिच्या वाट्याला आला होता भिंतीकडचा कोपरा, जिथे दाढांचे साचे तासायचे असतात.

"थोडे दिवस," मॅडम म्हणाल्या होत्या. "आधी बस्तान बसू दे तुझं. महिन्याअखेरच्या शनिवारी बघू, टेबल कुणाचं ते."

मॅडमचं तरी काय चुकलं? पटाशी स्वतःकडे बघत होतीच की. साचा तासता तासता तिचा हात थांबायचा. ठमी उठली असेल का? आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, दूध गरम करताना हातावर थेंब टाकून बघितलं असेल का? पंख्याचा स्क्रू परवा कुरकुरत होता. तासाभरात ती तीनदा फोन उलटा करून बघायची, आणि फोनवर काही नसलं की तिला जास्तच धडकी भरायची. काहीच कळवलं नाही म्हणजे नक्की काहीतरी झालंय. शिकलीसवरलेली बाई, कॉलेजात संभाव्यतेची गणितं सोडवलेली, पण सात महिन्यांचं पोर घरी ठेवून आलं की सगळी संभाव्यता एकाच बाजूला झुकते.

गेम मात्र ती खेळत होती. खोटं बोलत होती ती 'काही नाही' म्हणताना.

घरात एक जुना फोन होता. काचेला आडवी चीर गेलेला, फक्त घरातच वापरायचा. त्यावर 'सात दारं' नावाचा गेम होता. कुणी टाकला होता देव जाणे, नवऱ्यानेच टाकला असावा. एक उंदीर आणि सात बंद दारं, एवढाच सगळा संसार. एका अंगठ्याने खेळता यायचं, आणि तिच्याकडे एकच अंगठा मोकळा असायचा. सकाळी सहाच्या दुधाला ठमी उजव्या हातावर असे, दूध पिऊन तिथेच पेंगे, आणि ती डाव्या हाताने, फोनचा आवाज पूर्ण बंद करून, उंदीर पुढे ढकलत असे. पण हे सांगायचं कुणाला? पाजताना आईने बाळाच्या डोळ्यांत बघावं असं तिने वाचलं होतं. तीन ठिकाणी वाचलं होतं. त्यापेक्षा बादली परवडली.

त्या बुधवारी फेरी काकांपासून सुरू झाली.

"तेच आमचं," काका म्हणाले. "सात दारं. चौथं दार. राक्षस."

"तुमचं, माझं, सगळ्यांचं तेच," मॅडम म्हणाल्या. "दोन महिने झाले. त्याच्या मुठीत किल्ली आहे, तो घोरतोय, मी जाते, तो मूठ आवळतो, मी परत पहिल्या दाराशी. माझा उंदीर म्हातारा झाला."

"मॅडम, तिसऱ्या घोरण्याला डाव्या कानामागून जायचं," सुळा म्हणाला. "मी काल अगदी करंगळीपर्यंत पोचलो होतो."

"तू गेल्या आठवड्यात उजव्या कानामागून म्हणाला होतास."

"तो अभ्यास होता. हा निष्कर्ष." मग त्याने मान वळवली. "आणि आमच्या पटाशीबाई? आज काय? अंगाईचा कितवा टप्पा? का बादलीच?"

काका हसले नाहीत. पण सुळ्याचं बोलणं तिला बरोबर कळलं. बादली म्हणजे कोपरा, कोपरा म्हणजे दाढा, आणि शनिवार तीन दिवसांवर आला होता. तिच्या तोंडून निघून गेलं,

"तो चौथ्या दाराचा राक्षस होय? तो तर झोपतो की. माझा उंदीर पाचव्या दारात अडकलाय. तिथे पाणी भरतं ना, ते कसं थांबवायचं?"

मॅडम स्टुलावरून पुढे सरकल्या.

"पाचव्या दारात पाणी आहे?" मॅडमनी हळूच विचारलं.

"हो. हिरवं. आणि एक बेडूक."

"बेडूक!" सुळा म्हणाला. "वा. आता बेडूक निघाला. रोज 'काही नाही, काही नाही' आणि आज एकदम बेडूक. अगं, आपल्यापैकी कुणी पाचवं दार बघितलेलंच नाही म्हटल्यावर तिथे बेडूक काय, हत्ती पण बसवता येतो."

"मी खोटं कशाला बोलू?"

"तीन आठवडे 'काही नाही' म्हणत होतीस ते काय होतं मग?"

उत्तर होतं, पण ते सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. फोन दाखवून टाकावा म्हटलं तर तो घरी, आणि त्या गेमचा हट्टच असा की बंद केला की सगळं पुसून उंदीर परत पहिल्या दाराशी.

मॅडमनी चष्मा काढला. त्या चष्मा काढत तेव्हा लॅबमध्ये भट्टीसुद्धा कमी आवाज करते असं काका म्हणत.

"हे बघ पटाशी. गेम गेला खड्ड्यात. पण समोरचे दात मी तिच्याच हातात देते जिच्या शब्दावर मला डोळे मिटून दवाखान्यात दातांचा डबा पाठवता येतो. रंग जुळला म्हणालीस की जुळलेला असतो, हा माझा तुझ्यावरचा विश्वास होता. उद्या इथे, प्लास्टर ओतल्यापासून ते गरम होईपर्यंत, त्या राक्षसाकडून किल्ली काढून दाखव. नाही निघाली, तर शनिवारी टेबलाचा विषय माझ्यासमोर काढू नकोस."

"आणि निघाली तर?" काकांनी विचारलं.

"तर तिने काढावा विषय," मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी घरी पोचल्या पोचल्या तिने ठमीला आईंच्या मांडीवर दिलं, हातपाय धुतले आणि जुना फोन घेऊन खुर्चीत बसली. एकदा करून बघू म्हणजे उद्याची धाकधूक जाईल. पहिली तीन दारं पोरखेळ, दीड मिनिटाचं काम. चौथं दार. डोंगराएवढा राक्षस भिंतीला टेकून बसलेला, डोळे मिटलेले, मांडीवर मूठ आणि मुठीच्या फटीतून किल्लीचं टोक. ती थांबली. मग गेली. राक्षसाने मूठ आवळली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

रोज सकाळी निघते ती किल्ली आज का निघत नाही? रोज मी काय करते? तिने आठवून बघितलं आणि तिला काहीच आठवेना. रोज राक्षस झोपतो, ती किल्ली घेते, एवढंच. जिना चढून आल्यावर कुणी पायऱ्या किती विचारल्या तर कुठे सांगता येतं?

"चेहरा का उतरलाय गं तुझा?" आईंनी ठमीच्या तोंडाचा फेस पुसत विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही म्हणणारीचंच काहीतरी असतं," आई म्हणाल्या, आणि जुन्या फोनकडे एक नजर टाकून ठमीला खेळवू लागल्या. त्या नजरेने पटाशी आणखीनच आक्रसली. कळलं वाटतं यांना. पाजताना फोन बघते ते कळलं.

गुरुवारी काकांनी नऊ साचे ओतले. मॅडमनी लॅबचा टॅब मेणाच्या डब्याला टेकवून उभा केला, आवाज मोठा केला आणि घड्याळाकडे न बघता काकांकडे बघितलं, कारण इथलं खरं घड्याळ काकांचा तळहात. प्लास्टर घट्ट होताना आतून तापतं. काका पहिल्या साच्याच्या बुडावर हात ठेवून बसत आणि सांगत, तेच प्रमाण.

"गार," काकांनी सुरुवात केली. "चला."

पहिलं दार, दुसरं, तिसरं. तिचा अंगठा सराईतासारखा चालला. सुळा मागे उभा होता. चौथं दार उघडलं आणि टॅबमधून असा घोरण्याचा आवाज आला की ती स्टुलावरच दचकली. हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता! लाकूड कापावं तसा खर्रर्र, मग शिट्टी, मग परत खर्रर्र. ती थांबून राहिली. एक मिनिट गेलं. घोरणं हळूहळू बारीक होत गेलं, आणखी बारीक, आणि एकदम बंद.

"उठतोय तो! जा!" मॅडम ओरडल्या. आपण परीक्षक आहोत हे त्या साफ विसरल्या होत्या.

त्याच क्षणी तिच्या खिशातला फोन थरथरला. घर. तिचा अंगठा हलला, उंदीर धावला. मूठ आवळली. उंदीर पहिल्या दाराशी.

"बेडूक बुडाला," सुळा म्हणाला.

"कोमट," काका म्हणाले. "पाच मिनिटं गेली. सात आहेत."

तिने फोन बाहेर काढला. घरून फोन, तोही सकाळी नऊ वीसला. आई कधी या वेळी करत नाहीत. घ्यावा तर वेळ जातो, न घ्यावा तर आज आयुष्यभर पुरेल एवढं पाप. काकांनी साच्यावरचा उजवा हात तसाच ठेवून डावा पुढे केला.

"आण इकडे. मी बोलतो. तू उंदीर सांभाळ." आणि फोन कानाला लावून, "हॅलो. नमस्कार ताई, मी लॅबमधून काका बोलतोय. हो, आहे ती, इथेच आहे. ठमी? बरं. बरं." मग फोन छातीशी धरून, "दूध पिऊन झोपलीय. तू नाश्ता केलास का विचारतायत."

पटाशीने डोळे मिटले. झोपलीय. दूध पिऊन झोपलीय. आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला ठमीची मूठ दिसली.

रोज सकाळी तिच्या बोटाभोवती वळलेली ती मूठ. ठमीचे डोळे मिटतात तेव्हा ती झोपलेली नसते. तेव्हा खाली ठेवलं तर आभाळ डोक्यावर घेते. श्वास जोरात चालतो तेव्हाही नाही. मग श्वास एकदम हलका होतो, इतका की पटाशी घाबरून नाकाखाली बोट धरते, आणि तेव्हासुद्धा नाही. त्यानंतर केव्हातरी मूठ सुटते. आधी करंगळी, मग बाकीची, शेवटी अंगठा. मूठ सुटली की पोर झोपलं. आणि पोर झोपलं की ती फोनकडे बघते.

म्हणजे राक्षसाकडे ती कधी बघतच नव्हती! ती बघत होती पोरीकडे. राक्षसाला झोपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिचं लक्ष दुसरीकडे असायचं, एवढाच काय तो पराक्रम.

"आवाज बंद करा," ती म्हणाली.

"आता आवाजाचा दोष का?" सुळा म्हणाला.

"नियमात आवाज लिहिलाय का?" आज तिचा आवाज खिडकीच्या टेबलावरच्या दिवसांचा होता. मॅडमनी टॅबचा आवाज बंद केला. "आणि ते प्लास्टरचं पोतं द्या मला. अर्धं झालेलं. ते, बेसिनपाशी."

"पोतं?"

"द्या म्हणते ना!"

सुळ्याने पोतं उचलून दिलं. सात-साडेसात किलो असेल. तिने ते उजव्या हातावर आडवं घेतलं, वरचं टोक कोपराच्या वळणात बसवलं, खालून तळवा दिला आणि पाठ भिंतीला टेकली. पांढरी भुकटी तिच्या बाहीवर सांडली. डाव्या अंगठ्याने तिने पहिलं दार उघडलं.

"ही खेळतीय का वेड लागलंय हिला?" सुळा पुटपुटला.

दुसरं दार. तिसरं. चौथं. राक्षस बसलेला, मूठ बंद. तिने अंगठा टॅबच्या कडेला नेऊन ठेवला आणि मान खाली घालून पोत्याकडे बघायला लागली. मग तिचा तळहात पोत्याच्या बुडावर पडू लागला. थप, थप, थप. हळू. गुणगुणण्याचं तिला भान नव्हतं, पण ओठ हलत होते.

"अगं तिकडे काय बघतेस, इकडे बघ!" मॅडम कुजबुजल्या. "तो हलला!"

"हलू दे."

"डोळा किलकिला केला त्याने!"

"करतात. बघत नसतात. आपण बघितलं की मग बघतात."

काका फोनवर हळूच सांगत होते, "नाही ताई, ती कामात आहे. काय करतीय? आता कसं सांगू. राक्षस झोपवतीय." पलीकडून काहीतरी बोलणं आलं. काकांची भुवई वर गेली. "हं. सांगतो. पटाशी, आई म्हणतायत, थापटणं मध्येच थांबवू नकोस."

ती थांबवणार नव्हतीच. थप, थप. पोत्याच्या कोपऱ्याला शिवणीचा एक दोरा लोंबत होता; त्यालाच तिने मूठ मानलं. दोन मिनिटं झाली असतील. सुळ्याची चुळबुळ तिला ऐकू येत होती. या माणसाने दोन महिन्यांत त्या राक्षसापुढे कधी सलग मिनिटभर तरी उंदीर स्थिर ठेवला असेल का? कसा ठेवेल? गेल्या महिन्यात त्याचे दोन समोरचे दात दवाखान्यातून परत आले होते, रंग चुकला म्हणून. भट्टीतून काढलेला दात गरम असताना पिवळा दिसतो. तो निववून मग बघायचा असतो. निवेपर्यंत त्याला दम नव्हता.

"गरम व्हायला लागलं," काका म्हणाले.

"जा आता," मॅडम म्हणाल्या. "पटाशी, वेळ संपतेय. जा."

तिला जावंसं वाटलं. अंगठ्याच्या टोकापर्यंत वाटलं. रोज असंच वाटतं, की झाली झोपलेली, ठेवावी आता, हात भरून आलाय. आणि रोज ती आणखी एक गाणं म्हणते. तिने आणखी एक गाणं म्हटलं. पूर्ण, शेवटच्या ओळीसकट. मग तिने मान वर केली.

राक्षसाचा हात मांडीवर उताणा पडला होता. करंगळी सुटलेली, मधली बोटं सुटलेली, अंगठा बाजूला कलंडलेला. तळहातावर किल्ली अशी पडली होती, जशी कुणी मुद्दाम देऊ केलीय.

तिने उंदीर चालवला. पळवला नाही. चालवला. उंदीर मनगटावरून चढला, तळहातावर आला, किल्ली तोंडात धरली, आणि आल्या वाटेने उतरला. राक्षसाने ओठ चावल्यासारखे केले आणि कूस बदलली. चौथं दार उघडलं. पलीकडे हिरवं पाणी होतं, आणि पाण्यात दगडावर एक जाडा बेडूक.

"गरम!" काका ओरडले. "गरम झालं! आणि बेडूक आहे!"

मग जे झालं ते दातांच्या लॅबला शोभणारं नव्हतं. मॅडमनी टेबलावर हात आपटला, ज्या टेबलाला कुणी श्वाससुद्धा लागू देत नसे. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर हसून दाखवलं, सगळे दात दिसतील असं, आणि ते सगळे त्यांनी स्वतःच बनवलेले होते. सुळा टॅबवर ओणवा होऊन बेडकाकडे बघत राहिला.

"दोन महिने," तो म्हणाला. "दोन महिने मी त्याच्या कानामागून जातोय. आणि नुसतं थांबायचं होतं?"

"त्याला झोपू द्यायचं होतं," ती म्हणाली.

"मग तीन आठवडे 'काही नाही' का म्हणालीस, बाई?"

आता सांगायला काही वाटेना. हातावर सात किलोचं पोतं आणि केसांत प्लास्टर असलेल्या बाईला कशाची लाज वाटणार? "कारण पाजताना खेळते. आणि चांगल्या आया पाजताना खेळत नाहीत."

"कोण म्हणतं असं?" हा आवाज फोनमधून आला. काकांनी केव्हा स्पीकर लावला होता कोण जाणे. "अगं, मला सगळं माहीत आहे. फोनला दुधाचे डाग कुणी पाडले? मी पुसते ते रोज."

"आई!"

"आई काय आई. तू पाचव्यातच आहेस ना अजून? बेडकाला हात लावू नकोस, पाणी भरू दे, उंदराला पोहता येतं. सहावं सोपं आहे. सातवं काही मला उघडत नाही बाई, ठमी दुपारी एकच तास झोपते."

सुळ्याने बेडकावरून मान वर केली.

"ताई," मॅडमनी फोनजवळ जाऊन, एखाद्या मोठ्या डॉक्टरांशी बोलावं तशा अदबीने विचारलं, "तुम्ही... सातव्या दाराशी आहात?"

"गेल्या महिन्यापासून. गेम मीच टाकला होता फोनवर. सुनेला सांगितलं नाही, म्हटलं बाळाकडे लक्ष देत नाही म्हणेल."

पटाशी हसायला लागली. पोतं हातावर घेऊन, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. महिनाभर दोघी एकमेकींना घाबरून एकाच उंदराला पाळत होत्या! मग तिने पोतं खाली ठेवलं, कमरेवर हात घेतले आणि मॅडमकडे वळली.

"मॅडम, शनिवारपर्यंत थांबायचं कारण नाही. मी विषय आत्ताच काढते. खिडकीचं टेबल माझं आहे. दिवसातून दोनदा घरी फोन करीन, अकराला आणि तीनला, आणि तो करताना मला कुणी काही बोलायचं नाही. बाकी वेळ मी दातांची."

मॅडमनी चष्मा घातला. "ब्रश उचल रे," त्या सुळ्याला म्हणाल्या.

सुळ्याने ब्रश उचलले. तोंड वाकडं केलं, पण उचलले, आणि टेबल ओल्या फडक्याने पुसूनही दिलं. मग म्हणाला, "तो परत आलेला दात आहे ना, डावा वरचा. बघशील का जरा?"

"आण. पण आधी बादली उपस. 'काही नाही' मी म्हणाले होते, पण खोटी मला तू म्हणालास."

सोमवारी सव्वानऊला काकांनी सात साचे ओतले. फोन मेणाच्या डब्याला टेकवलेला होता. पलीकडे आई, आणि आईंच्या खांद्यावर गाल चिकटवून ठमी. मॅडमच्या हातावर मेणाच्या वड्यांचा खोका होता, सुळ्याच्या हातावर प्लास्टरचं पोतं, आणि दोघंही टॅबकडे न बघण्याची पराकाष्ठा करत होते. "थापट की रे," काका सुळ्याला सांगत होते, "पाठीत गुद्दा घालतोयस का त्याच्या?"

पटाशी खिडकीशी बसली होती. तिच्यासमोर प्लास्टर ओतायच्या जरा आधी भट्टीतून काढलेला डावा वरचा दात चिमट्यात होता, अजून पिवळा, अजून गरम.

"रंग जुळला का गं?" मॅडमनी कोपऱ्यातून विचारलं.

"थांबा," पटाशी म्हणाली. "निवू दे."